सावंतचा पाय आणि सलवाची बाग

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार मराठी माणसं परदेशात रोज संध्याकाळी एकाच बागेत चालायला लागली, की ते आपोआप साठतात, माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे. आमचे सलवाच्या बागेतले किस्से ऐकून आता लोक हसतात. तेव्हा मात्र आमची पाचावर धारण बसलेली असायची.

आखाती युद्ध संपून सहा-सात वर्षं झाली होती. सावंत हा मालवणकडचा सुतार. कुवेतमधल्या आमच्या गणपतीचं मखर दरवर्षी तोच करायचा. साइटवर त्याच्या डाव्या पायावर पाइप पडले आणि पाय गुडघ्याखालून काढावा लागला. नकली पाय मिळाला. कंपनीने सांगितलं, मेडिकलला डॉक्टरसमोर काठीशिवाय चालून दाखव, स्टोअरमध्ये काम देतो. नाहीतर व्हिसा कॅन्सल आणि घरी परत.

पण चालायची सवय करायची कुठे? जलीबला त्याच्या खोलीबाहेर फुटपाथच्या नावाखाली खड्डे, वाळू आणि गटाराचं पाणी होतं. सलवाच्या बागेत मात्र व्हीलचेअरवाल्यांसाठी नवा रस्ता केला होता. पायरी नाही, उंचवटा नाही, एका बाजूला धरायला कठडा. अडचण एकच. बाग फक्त फॅमिलीसाठी होती. बॅचलरला प्रवेश नाही, आणि कुवेतमध्ये ज्याची बायको गावाला, तो बॅचलरच.

मग आम्ही सावंतला फॅमिली करून टाकलं. ऑफिस सुटलं की मी त्याला गाडीत घालून आणायचो.

*

पहिल्या दिवशी त्याला पायाची जखम दुखत होती. म्हणून तो कुबड्यांवर, आणि पाय पिशवीत. दारावर हारिस, म्हणजे बागेचा राखणदार, अबू सालेह. दरवाजाएवढा माणूस. त्याने सावंतकडे बोट केलं. "ये कौन?"

"मेरा भाई," माझी बायको सुनीता म्हणाली. ती नाशिकची, गोरीपान. सावंत काळाकुळकुळीत. अबू सालेहने दोघांकडे पाहिलं आणि मी सुनीताच्या मागे सरकलो. मी मुळातच भित्रा. गणवेशातल्या माणसाने नाव विचारलं तरी मला पुढचं विमान दिसायचं.

त्याने आमच्या सात वर्षांच्या मृणालला विचारलं. पोरगी खोटं बोलायला शिकलीच नव्हती.

"ही इज सावंत अंकल. हिज लेग इज इन द बॅग."

अबू सालेहने पिशवी उघडली. आत मोजा आणि पॉलिश केलेला बूट घातलेला अख्खा पाय. पिशवी हातातून सुटली, त्याने अल्लाचं नाव घेतलं आणि मी रामाचं.

दुसऱ्या दिवसापासून सावंत एका काठीवर आला. काठीची खटखट ऐकली की अबू सालेह खजुराच्या झाडांकडे तोंड फिरवायचा. आम्हाला वाटलं, आपलं नाटक जमलं.

*

त्या काळात पक्क्या रस्त्यावरून वाळूत पाऊल टाकायची कुणाची हिंमत नव्हती. वाळूत काहीही चमकलं तर हात लावू नका, असं मुलांना शाळेतच शिकवलेलं. युद्धातलं काय काय अजून पुरलेलं होतं.

एका संध्याकाळी आमचा मित्र देशपांडे मध्येच थांबला. हा रिफायनरीत पाइपिंग इंजिनिअर, आवाज मोठा. त्या दिवशी मात्र कुजबुजला, "हलू नका. तिकडे बघा."

कडेच्या वाळूत काहीतरी गोल, लोखंडी, चकचकीत. सुनीताने मृणालला उचललं. अबू सालेहला हाक मारली. तो आला, त्याने पाहिलं आणि आमच्याही मागे जाऊन उभा राहिला.

सावंत कठड्याला टेकून आपलं पाऊल हलवून बघत होता.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "घाबरू नकात. माज्या पायाचो बोल्ट आसा तो."

*

घरी त्याने पाय मुरगळलाय एवढंच सांगितलं होतं. शुक्रवारी आमच्याकडून फोन लावायचा. पलीकडून बायको काय विचारत असेल ते न ऐकताही कळायचं.

"बरो आसा गो," तो म्हणायचा. "एक पाय तर एकदम बरो आसा."

फोन ठेवल्यावर तो नकली पायाचे पट्टे पुन्हा पुन्हा आवळायचा. मी म्हटलं, पडशील याची भीती वाटते का?

"पडाची भीती नाय, सायेब. विमानाची वाटता."

मलाही वाटायची. तो गेला तर त्याच्या घरी चूल कशी पेटणार, हे मला चालताना रोज आठवायचं.

*

देशपांडे डॉक्टर व्हायचा. बाकावर बसून ओरडायचा, "नेक्स्ट! काठी ठेव. चल इकडे." सावंत काठी ठेवायचा, चार पावलं टाकायचा आणि डॉक्टरच्या नुसत्या आवाजाने कठडा गाठायचा.

"अरे, मी देशपांडे आहे."

"माका म्हायत आसा. तरी पाय ऐकणा नाय."

मेडिकल आठवड्यावर आलं तरी पाय ऐकत नव्हता. आम्ही आपापसात त्याच्या परतीबद्दल बोलायला लागलो होतो. त्याच्यासमोर बोलायचं धैर्य कुणाला नव्हतं.

*

मेडिकलच्या आदल्या संध्याकाळी मृणालला ताप भरला. आज जमणार नाही, असा सावंतला निरोप धाडला. तासाभराने फोन वाजला. बागेसमोरच्या बूथवरून सावंत बोलत होता. बसने एकटाच आला होता.

"सायेब, त्येना माका भायर काढल्यान."

"कुणी? अबू सालेहने? का रे?"

"तो म्हणता, बॅचलर नो, फॅमिली ओन्ली. दंडाक धरून भायर."

"अरे, मग काठी दाखवायची ना!"

"काठी खोलीवर रवली."

मग मला ऐकू आलं, की तो रडतोय. किंवा हसतोय, ते नीट कळेना.

"सावंत, त्याने तुझ्या पायाकडे बघितलं नाही का?"

"बघल्यान ना, सायेब," तो म्हणाला. "दोनदा बघल्यान."