विहिरीला संदर्भ नाही

समोरचा माणूस खरे बोलतो आहे हे पुरते ठाऊक असूनही त्याचे वाक्य खोडून टाकण्याची हिंमत मी आयुष्यात एकाच व्यक्तीत पाहिली. संदर्भताई वाकोल्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होत्या. रविवारी सकाळी त्या जोगेश्वरीच्या आमच्या वाचनालयात येऊन, कोणीही लिहावा आणि कोणीही सुधारावा अशा आंतरजालावरच्या ज्ञानकोशाचे नियम आम्हा हौशी मंडळींना शिकवत. कोणी काहीही लिहिले की त्यांचा एकच प्रश्न असे, “छापलंय कुठं?” त्यावरूनच ते नाव पडले.

मी तिथे गेलो तो एका विहिरीसाठी. आमच्या वस्तीतली ती विहीर पुनर्विकासात एका बिल्डरने बुजवली आणि वर मोटारींचा तळ बांधला. नळ येण्यापूर्वी गिरणीसाठी कोकणातून आलेली घरे आणि विदर्भातून आलेली बौद्ध घरे तिचे पाणी एकाच रहाटाने काढत. मी स्वतः काढले आहे. पालिकेच्या संबंधित कार्यालयाने माझ्या पत्रांना उत्तर दिले की, अशी विहीर नोंदीत आढळत नाही. निदान ज्ञानकोशात तरी ती राहावी, एवढीच माझी मागणी होती.

मी घातलेला परिच्छेद संदर्भताईंनी माझ्यादेखत काढून टाकला.

“मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे,” मी म्हणालो.

“म्हणूनच चालत नाही ना, काका. तुम्हाला माहीत असणं हा इथे पुरावा नाही. दुसऱ्या कोणी छापलेलं आणा.”

माझी उभी हयात एका कंपनीच्या विधी विभागात गेली. न्यायालयात पाहणाऱ्याची साक्ष ग्राह्य असते आणि ऐकीव गोष्ट बाद होते. इथे पाहणारा बाद आणि ऐकून छापणारा ग्राह्य. हा कायदा मला तेव्हा उर्मट वाटला आणि आजही वाटतो.

मी मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र केले, नोटरीचा शिक्का घेतला आणि त्याचे छायाचित्र कोशावर चढवले. ताई मनसोक्त हसल्या. “झकास आहे, काका. फ्रेम करून घरी लावा.” मग एका दैनिकात पत्र छापून आणले. “पत्र तुमचंच ना? म्हणजे परत तुम्हीच.” तेव्हा मात्र माझा तोल गेला. लेखाच्या चर्चापानावर मी रीतसर नोटीस लिहिली: सात दिवसांत विहीर पूर्ववत न केल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल. माझे खाते त्याच दुपारी बंद झाले. कोशाच्या प्रचालक म्हणून ते बंद करणाऱ्या संदर्भताईच होत्या.

संध्याकाळी त्याच आमच्या घरी हजर. “वाट लावून घेतलीत ना? कोर्टाची धमकी दिली की खातं बंद, हा नियम आहे. चला, अर्ज लिहू. माफी नका मागू, नुसती नोटीस मागे घ्या.” माझ्या मसुद्यातले प्रत्येक ‘अन्यथा’ त्यांनी काढायला लावले. अर्जावर निर्णय मात्र दुसऱ्याकडे सोपवला. “मीच बंद केलंय, मग मीच कसं उघडू?” हे तत्त्व मी माझ्या एकाही साहेबाच्या गळी उतरवू शकलो नव्हतो.

माझे खाते उघडले आणि पुढे त्या स्वतःच विहिरीचा शोध घेऊ लागल्या. जुन्या स्मरणिका, शाळांचे अंक, हाती येईल ते चाळत. त्यांची आजी आमच्याच वस्तीत राहायची आणि त्याच विहिरीवर पाणी भरायची, हे त्यांनी फार उशिरा सांगितले.

“म्हणजे मी खरं बोलतोय हे तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. म्हणून तर तुमच्याशी जास्त कडक वागले.”

छापील ओळ त्यांना मिळाली नाही. गेल्या वर्षी त्या गेल्या. आजार त्यांनी कोणाला कळू दिला नव्हता. कितीतरी लेखांना त्यांनी आधार मिळवून दिला आणि त्यांतल्या एकाही लेखाखाली त्यांचे नाव नाही, कारण लेखाखाली नाव घालायचे नाही हाही नियमच. याचा मला अतोनात संताप आहे आणि त्याचे पत्र कोणाला लिहावे हे कळत नाही.

परवा आमच्या वस्तीवरच्या लेखात कोण्या अनोळखी माणसाने घातलेली एक ओळ दिसली: ‘येथे एक विहीर होती, तिच्यावर सर्व जातींच्या बाया एकत्र पाणी भरत.’ शब्दन्‌शब्द खरा. खाली संदर्भ नव्हता. मी मग ती खोडली आणि कारणाच्या रकान्यात लिहिले, “छापलंय कुठं?”