उषाबाईनं ऐकलेलं ‘छूटो’

तापीवरचं धुकं सुरतेतल्या कोसाडच्या वसाहतीत शिरलं की समोरची बिल्डिंगसुद्धा पुसली जाते. त्या शनिवारी सकाळी उषाबाई साड्यांचं बोचकं घेऊन पायरीवर बसली, तेव्हा तिला कात्री दिसत होती, मांडीवरची साडी दिसत होती आणि त्यापलीकडे नुसता आवाज होता. खालच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टावर चेंडू आपटल्याचा. साडीच्या पाठीवर लोंबणारे धागे कापायचे, कापडाला टोक लागू द्यायचं नाही, असलं तिचं घरबसल्याचं काम. ते हात करायचे. कान कोर्टावर.

धुकं विरलं तसे दोघे जण रोजच्यासारखे पायरीशी येऊन टेकले. लोटू कतारगामला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारीगर. रात्रपाळी करून आलेला, केसांत अजून कापसाची भुरी. दुसरा हेमराज रिक्षावाला. वसाहतीच्या संघाचा सामना बघायला बायकोच्या माहेरचं लग्न चुकवणारी ही माणसं. खाली प्रशिक्षक प्रकाश सरांच्या हाताखाली सराव करत होता भूपेंद्र, संघाचा चेंडू पुढे नेणारा गार्ड. लोटूच्याच खात्यात लूम चालवणारा तरणा गडी. गेल्या वर्षी त्यानं सुरतेजवळच्या सचिन गावच्या संघाला एकट्यानं रडवलं होतं. यंदा मात्र दिवाळीपासून त्याचा चेंडू रिंगला लागून परत येत होता, आणि उद्या रविवारी पुन्हा सचिनशीच गाठ होती.

“सरनीच वाट लाई त्यानी,” लोटूनं तोंड उघडलं. “पास दे, पास दे. पोऱ्याना हातच बांधी टाकात.”

“सरले कशाले बोलस?” हेमराज म्हणाला. “पेपरमा फोटू उना, तठेपासून याना डोकामा हवा भराई गयी.”

“हवा तुन्या रिक्षाना चाकमा भर आधी,” उषाबाई कात्री न थांबवता म्हणाली. “मी रोज वरतून देखस. चेंडू हातमा उना का तो पहिले सरकडे देखस, मंग रिंगकडे. तठलोंग समोरना येई जास.”

“म्हणजे माझंच खरं,” दोघंही एकदम म्हणाले.

उन्हं वर आली, सराव संपला. प्रकाश सर फोन कानाला लावून उषाबाईच्या भिंतीपाशी आले. सर बँकेत कामाला. घराणं नाशिककडचं, जन्म सुरतचा. मराठी घरात बोलायची, मैदानावर गुजराती. ते फोनवर म्हणाले, “ना ना, काले भूपेंद्रने छूटो मूकी दऊं छुं. बहु थयुं हवे.”

उद्या भूपेंद्र छूटो, आता फार झालं, एवढं कळलं आणि उषाबाईची कात्री थांबली.

बँकेतल्या माणसाला छूटो हा शब्द कसाही वापरता येत असेल. लूमवाल्यांच्या घरात त्याला एकच अर्थ, कामावरून काढलेला. तिचा नवरा सुकलाल जिवंत असताना शेटनं एका सकाळी म्हटलं होतं, तू छूटो, आणि सुकलाल न उघडलेला डबा घेऊन घरी आला होता.

सर गेल्याबरोबर तिनं लोटूला सांगितलं. “कोणले सांगजो नको,” असंही सांगितलं. लोटूनं फक्त चहावाल्याला सांगितलं.

रविवारी सकाळी कोर्टाभोवती सगळी वसाहत गोळा झाली. गॅलऱ्यांतून पोरीबाळी लोंबत होत्या. सचिनची पोरं जाळीखाली उड्या मारत होती. भूपेंद्रचा पत्ता नव्हता. सर सारखे फाटकाकडे बघत होते. शेवटी ते उषाबाईपाशीच आले.

“मावशी, भूपेंद्र कुठे गेला? फोन उचलत नाही.”

“तुम्हीच तर त्याला काढलं,” उषाबाई म्हणाली. “आता कशाला विचारता?”

“मी? मी कशाला काढू?”

“काल इथंच उभे राहून बोलले तुम्ही. छूटो म्हणून.”

सरांनी कपाळावर हात मारला. “अहो मावशी, छूटो म्हणजे मोकळा. त्याला मोकळं सोडणार होतो. आजपासून माझ्याकडे बघायचं नाही, मनाला येईल तसं खेळ, असं सांगायचं होतं त्याला. इतके दिवस मीच फार बांधून ठेवलं.”

उषाबाईच्या कानशिलापर्यंत गरम झालं. तिनं पदर खोचला.

“हेमराज, रिक्षा काढ. तो लूमवरच सापडी.”

“माय वं, सामना सुरू व्हवाले लागना...”

“तू काढस का मी चालू करू?”

अमरोलीचा पूल ओलांडून रिक्षा कतारगामच्या गल्लीत शिरली. लूमच्या दारातच तो खटखटाट अंगावर आला. भूपेंद्रनं दुसऱ्या कारीगराच्या बदली पाळी मागून घेतली होती आणि तुटलेला धागा जोडत वाकून उभा होता. शेजारच्या रांगेत रात्रपाळी संपली तरी घरी न गेलेला लोटू. तिथं कुणी बोलत नाही, ऐकूच येत नाही. सगळा कारभार हातांनी. उषाबाईनंही हातानंच चेंडू आपटून दाखवला, आणि मग मोकळा म्हणून दोन्ही मुठी उघडून पसरल्या.

भूपेंद्रचं तोंड आणखीच उतरलं. लूमवरच्या खुणांत उघड्या मुठी म्हणजे काम संपलं.

“आता हाईबी उलटंच व्हयनं,” उषाबाई स्वतःशी पुटपुटली आणि त्याचं मनगट धरून त्याला बाहेर ओढत आणलं.

“आयक,” ती दम खात म्हणाली. “सरनी तुले काढं नही. मोकळा सोडी दिधा. आयकणारी मी, समजणारी मी, चुकनू बी मीच. तुले जे बोलनं से ते मंग बोल. आते चाल.”

“खरंच म्हणतेस मावशी?” त्यानं तिच्याकडे, मग रिक्षाकडे पाहिलं. “पण माझ्या मशिनी?”

लोटू मागोमाग येऊन दारात उभा होता. चहावाल्याची आठवण त्यालाही टोचत असावी. “जाय भो,” तो म्हणाला. “तुन्या मशिनी मी देखस.”

ते पोहोचले तेव्हा अर्धा सामना उलटला होता आणि कोसाड चांगलंच मागे होतं. सरांनी आत जा म्हणून बोट दाखवलं. चेंडू हाती आला तशी भूपेंद्रची मान सवयीनं वळली. सर पाठ फिरवून बाटलीतलं पाणी पीत उभे होते. बराच वेळ पीत होते.

त्यानं मारला. रिंगला लागून बाहेर.

“देखा?” हेमराज कुजबुजला.

“गप रे,” उषाबाई म्हणाली.

पुढच्या खेपेला मान वळली नाही. चेंडू आत पडला आणि वरच्या गॅलरीत कुणीतरी थाळी बडवली. मग तो थांबला नाही. पास द्यायचा तिथं दिला, घुसायचं तिथं घुसला, एकदा तर स्वतःच्याच पायात अडकून पडला आणि हसत उठला. कोसाड हरलंच, पण सचिनवाल्यांच्या घशाला कोरड पडेपर्यंत झुंजून हरलं.

सामना सुटल्यावर भूपेंद्र घामेजल्या अंगानं पायरीपाशी आला.

“मावशी, पुढच्या वेळी काही ऐकलं तर आधी मला सांग. लोटूकाकाला नको.”

“आनि सरले सांगजो, फोनवर मराठीमा बोला म्हनीसन,” उषाबाई म्हणाली.

“पण पलीकडच्याला मराठी कुठं येते?” तो म्हणाला, आणि सरांच्या हाकेसरशी कोर्टाकडे धावला.

हेमराज पायरीशी टेकून आता सांगत होता की सरांनी हे दिवाळीलाच करायला हवं होतं. त्याला चार जण आडवे बोलत होते. उषाबाईलाही बोलायचं होतं खूप, पण सांजच्या भाजीची जुडी तशीच पडली होती. ती परात घेऊन बसली आणि मेथीची पानं खुडायला लागली.