झोपाळ्याचा लोड

शेजारच्यांनी दोन कॅमेरे लावले, म्हणून आमच्या ह्यांनी चार लावले. जुईनगरच्या आमच्या बैठ्या घरात चोरायला काय आहे, देव जाणे! पण रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी टेन्शन हवंच असतं. सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर सुरू झालं आणि त्या डब्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. मधेच तापून बंदही पडायचा.

मुलगा बंगळुरूला. फोनवर म्हणाला, "बाबा, समोर काही हललं की तेवढंच रेकॉर्ड होतं. तुमच्याकडे सारखं काहीतरी हलतंय, म्हणून लोड येतोय."

झालं! ह्यांनी उभा जन्म कळंबोलीला ट्रकच्या वजनकाट्यावर काढलेला. लोड म्हटला की उतरवायचा, एवढंच ठाऊक. आमच्या माहेरी लोड म्हणजे पाठीला टेकायला घेतात तो, पण असो. आधी कपड्यांची दोरी उतरवली. मग पडदे सुतळीने बांधले. पानं हलतात म्हणून पपई छाटली. दूधवाल्याला सांगितलं, जरा हळू चाल. तो म्हणाला, "काका, आणखी हळू चाललो तर दूध नासेल."

शेवटी नजर माझ्या झोपाळ्यावर आली.

व्हरांड्यातला सागाच्या फळीचा, पितळी कड्यांचा झोपाळा. तुर्भ्याला एका खोलीत संसार केला, तिथे पाय पसरायची मारामार, झोपाळा कुठला! तेव्हापासून मनात होता. या घरात आल्यावर सगळ्यात आधी तो टांगून घेतला. दुपारची भांडी आवरून त्यावर बसले की मी कुणाची आई नसते नि कुणाची बायको नसते. आणि हे म्हणतात, "अगं, सगळ्यात जास्त लोड तुझाच आहे. बस, पण हलू नकोस."

"न हलता झोपाळ्यावर बसू? मग पाटावर बसते की! चोर सोडून संन्याशाला फाशी!"

मुलाला फोन लावला. बोलता बोलता रडूच आलं मला. तर तो म्हणतो, "आई, तू लोड घेऊ नकोस." मेल्या, तूसुद्धा!

तोड मात्र त्यानेच काढली. चित्रात झोपाळ्यावर एक चौकोन आखायचा. त्या चौकोनात काहीही हललं तरी कॉम्प्युटरने तिकडे बघायचं नाही. ह्यांनी चौकोन आखला, पंखा जरा निवला आणि मी सुटले. पण ह्यांना त्याची गोडी लागली. उरलेली पपई चौकोनात गेली. मग फाटक गेलं, मागचं दार गेलं, अख्खी गल्ली गेली. सगळ्या कॅमेऱ्यांत मिळून एक कंपाउंडची भिंत तेवढी बाहेर उरली. पंखा गपगार. हे खूश. "बघ, लोड शून्यावर आणला!"

पुढच्या रविवारी आम्ही एका लग्नाला गेलो. परत येऊन बघतो तर झोपाळ्याची फळी जमिनीवर, कड्या गायब. हे चपलांसकट आत धावले, रेकॉर्डिंग बघायला. भिंतीवरून एक मांजर गेलं होतं. मिश्यांसकट स्वच्छ दिसत होतं. बाकी काही नाही.

ह्यांनी चहासुद्धा घेतला नाही. एकेक करून सगळे चौकोन पुसले आणि स्क्रीनसमोर बसून राहिले. पण रेकॉर्डिंग काही सुरू होईना. गल्लीत चिटपाखरू नव्हतं आणि घरात हलण्यासारखं ह्यांनी काही ठेवलंच नव्हतं. शेवटी आतून बारीक आवाजात हाक आली, "अगं, जरा व्हरांड्यात हलतेस का? चालतंय का बघू."

मी गेले. त्या पडलेल्या फळीवर मांडी घालून बसले आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हटलं, "आधी कड्या आणा. मग हलते."