चंद्रावळीची ओटी

एकोणीसशे पन्नास सालापासून पुढची अठरा वर्षं आमच्या गावातली सगळ्यांत देखणी बाई म्हणजे उकंडराव. हे मी थट्टेनं सांगत नाही. चिखलीहून मेहकरकडे जाणारा रस्ता सोडून दोन कोस आत आलं की आमचं गाव. तिथं कोणालाही विचारलं असतं तर हेच उत्तर मिळालं असतं. दिवसभर हा गडी वांग्यांना पाणी देत गुडघाभर चिखलात उभा असायचा. चैत्रात जगदंबेच्या जत्रेत तोच गॅसबत्तीच्या उजेडात राणी चंद्रावळ होऊन आला, की बाया पदर तोंडाला लावून रडायच्या आणि बाप्ये उगाच नाक शिंकरायचे.

मी भाऊराव, त्या नाटकमंडळाचा पेटीवाला. धंदा किराण्याचा, पण जीव पेटीत. पेटीमागे बसून मी या माणसाला जितकं जवळून पाहिलं तितकं दुसऱ्या कोणी पाहिलं नसेल. म्हणून त्याच्याबद्दल लिहायचा हक्क माझा, असं मी धरून चालतो. ज्याला पटत नसेल त्यानं स्वतः लिहावं.

आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं उकंडरावांना जन्मल्या दिवशी उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीकडून उचलून आणवलं. देवाला वाटावं, हे टाकाऊ पोर आहे, नेऊन काय करायचं. नाव पडलं उकंडा. पुढचं 'राव' मात्र त्यांचं त्यांनी कमावलं. शाळा दुसरीपर्यंत, पण 'चंद्रावळ' नाटकातल्या चौदाही जणांचा पार्ट तोंडपाठ. राजानं हाकललेल्या राणीचं हे नाटक आमच्या गावच्या जुन्या मास्तरांनी लिहिलेलं. मास्तर गेले, वही उकंडरावांकडे आली आणि वहीबरोबर मंडळही आलं.

मंडळ चालवायची त्यांची रीत वेगळी होती. तालमीआधी जागा झाडायची ती राजानं. आमचा राजा म्हणजे किसनराव, पाटलाचा थोरला मुलगा, घरी तांब्यासुद्धा न उचलणारा. पण दसऱ्यापासून चैत्रापर्यंत रोज संध्याकाळी तो हातात झाडू घेऊन उभा. तालीम चुकवली तर दुसऱ्या दिवशी उकंडरावांच्या मळ्यात वांग्यांना पाणी द्यायचं, हा दंड. मीसुद्धा दोनदा भरला आहे. उकंडराव कधी आवाज चढवत नसत, चुकलेल्या माणसाकडे नुसतं बघत. ते बघणं फार वाईट असायचं.

आणि मेहनत! डोक्यावर भरली घागर घेऊन ते बांधावरून लुगडं नेसून चालायचे, पाऊल कसं पडतं ते पाहायला. खोट्या केसांचा टोप घालायचा नाही म्हणून केस वाढवलेले, पार कमरेपर्यंत. चिखलीच्या बाजारात अडत्ये हसायचे. हे शांतपणे अंबाडा बांधायचे आणि वांग्याची पाटी खाली ठेवायचे. एकदा देऊळगावराजाला खेळ झाला, तर एक म्हातारी रंगपटात शिरून त्यांचा हात धरून म्हणाली, "पोरी, सासरी लय जाच असंन तं माह्या घरी ये." उकंडरावांनी तिला वाकून नमस्कार केला. मी पुरुष आहे हे सांगून तिचा हिरमोड केला नाही.

आमच्याकडे एक चाल होती. खेळ उजाडता संपायचा. मग चंद्रावळ रंग न उतरवता तशीच देवीच्या देवळात जायची आणि गावच्या सवाशिणी तिची ओटी भरायच्या. खण, नारळ, पसाभर गहू. याला 'पार्टाची ओटी' म्हणत. पहिला मान पाटलाच्या घरचा, म्हणजे किसनरावाच्या काकू अंबूबाईंचा. अठरा वर्षं अंबूबाईंनी या मिशा भादरलेल्या माळ्याची ओटी भरली आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ते गहू उकंडराव घरी न्यायचे, अन्नपूर्णाबाई, म्हणजे त्यांची बायको, त्याची खीर करायची आणि वाटीवाटीनं मंडळाला वाटायची.

अडुसष्ट साली चिखलीहून एक छापील कागद आला. तिथल्या एका कलामंडळानं खेड्यापाड्यांतल्या नाटकांच्या चढाओढी ठेवल्या होत्या. मीच तो सगळ्यांना वाचून दाखवला. शेवटी एक ओळ होती: स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी.

सगळे उकंडरावांकडे बघायला लागले. मी म्हटलं, कागद फाडून टाका, चिखलीवाल्यांना काय कळतं. किसनरावही तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी उकंडराव दुकानात आले, पोत्यावर टेकले.

"भाऊराव, आपल्या मांगं हे मंडळ कोन चालवंन? मी पन्नाशीले आलो. दाढीचे खुंट आता रंगाखाली लपत नाईत. बाई पाहा लागते."

"गावातली कोण येणार?"

"सोजरा."

सोजराबाई त्यांच्याच भावकीतली. तीस वर्षांची. सहा वर्षांपूर्वी नवरा साप चावून गेला, तेव्हापासून चिखलीच्या बाजारात भाजी विकून सासूसासऱ्यांना पोसत होती. बाजारात तिचा आवाज तिसऱ्या गल्लीत ऐकू यायचा. मी म्हटलं, "उकंडराव, ती विधवा आहे."

"मंग? चंद्रावळीलेही तं राजानं हाकललंच हाये."

सासरा आडवा येईल असं मला वाटलं होतं. म्हातारा म्हणाला, "बजारात धा गावच्या मानसाइशी भांडते, तं नाटकात एका राजाशी बोलन. त्यात काय!"

तालमी सुरू झाल्या आणि आमच्या हातून एक चूक झाली. उकंडरावांनी सोजराबाईला सगळं शिकवलं. मान कशी वळवायची, पदर कसा सावरायचा, बोटं गालावर कशी टेकवायची, आवाज कसा बारीक काढायचा. ती शहाणी, महिनाभरात हुबेहूब उचललं. आम्ही वाहवा करत होतो. एका संध्याकाळी अन्नपूर्णाबाई चहाची किटली घेऊन आली, दाराशी उभी राहून बघत राहिली आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"काऊन हसून राह्यली?" उकंडराव म्हणाले.

"हे सोजरा नोहे. हे तं तुमीच. अवो, बाई चालते तवा एवढी कमर हालोते काय? तिले पानी आनाचं रायते, सैपाक कराचा रायते."

आम्ही सगळ्यांनी पुन्हा पाहिलं आणि लाज वाटली. एक खरीखुरी बाई आमच्यासमोर बाईचं सोंग करत होती, तेही पुरुषानं केलेल्या बाईचं. अठरा वर्षं जे आम्हाला बायकी वाटलं होतं, ते एका बाईच्या अंगावर चढल्यावर खोटं दिसत होतं.

उकंडरावांनी स्वतःला कधी समोरून पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं. दुसरा कोणी असता तर बायकोवर खेकसला असता. ते सोजराबाईला म्हणाले, "बाई, म्या शिकोलं तितकं सारं इसरून जाय. माही चूक झाली."

आणि पुढच्या दोन बाजारांना हा माणूस चिखलीत सोजराबाईच्या दुकानापाशी मांडी घालून बसला. नुसता बघत. ती गिऱ्हाइकाला कशी बोलावते, नकोशा माणसाकडे न बघता कशी बोलते, तराजू धरताना खांदा कुठं असतो. ज्यानं अख्ख्या तालुक्याला बाई दाखवली होती, तो पन्नासाव्या वर्षी शिकाऊ होऊन बसला. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला. आजही वाटतो.

त्यांनी आणखी एक ठरवलं. चिखलीच्या आधी हा खेळ गावच्या जत्रेत करायचा. जे गावानं पाहिलं नाही ते बाहेर दाखवायचं नाही. इथं मात्र गाव बिथरलं. देवीपुढे विधवा राणी होऊन उभी राहणार? अंबूबाईंनी बोलणं टाकलं. किसनराव तालमीनंतर म्हणाला, "उकंडराव, जत्रेत तुमीच उभे राहा. बाई चिखलीपुरती ठेवा." मीही मान हलवली. हो, हलवली, खोटं कशाला बोलू. कोपऱ्यात सोजराबाई ऐकत होती. ती म्हणाली, "भाऊ, लोक म्हनतात थे खरं हाये. माह्यापायी अठरा वर्साचा खेळ बुडंन. मी नाई येत उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव दुकानावरून गेले आणि मी ओळखलंच नाही. डोक्यावर टोपी, मान उघडी. कमरेपर्यंतचे केस न्हाव्याकडे कापून आले होते आणि ते एका फडक्यात गुंडाळून काखेत धरले होते. सरळ सोजराबाईच्या ओसरीवर गेले, फडकं तिच्यापुढे ठेवलं.

"याचं गंगावन करून घे. तुहे केस आखूड हायेत."

"भाऊ, हे काय केलं?"

"आता मी उभा राह्यतो म्हटलं तरी राह्यता येत नाई. खेळ बुडवाचा का तरवाचा, थे तुह्या हाती."

संध्याकाळी सोजराबाई सगळ्यांच्या आधी तालमीला हजर होती.

जत्रेचा दिवस आला. चौकात बैलगाड्या जोडून फळ्या टाकल्या होत्या. माणसं आली, पण हातांची घडी घालून. पहिले दोन प्रवेश कोणी खोकलंसुद्धा नाही. तिसऱ्या प्रवेशात राणी माळीण होऊन राजाच्याच दाराशी भाजी विकायला बसते आणि राजा तिला ओळखत नाही. किसनरावानं पाटीतलं वांगं उचललं, तर सोजराबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "हाताळू नका. घ्याचं असंन तं घ्या." हे वहीत नव्हतं. लोक खो-खो हसले. घड्या सुटल्या.

मग राजा विचारतो, "तुझा घरधनी कुठं आहे?" इथं उकंडराव अठरा वर्षं पानभर बोलायचे, गुडघ्यांवर बसून हंबरडा फोडायचे, आणि मी पेटीवर सूर धरायचो. सोजराबाईनं भाजी नीट रचली, एक जुडी उचलून दुसऱ्या जागी ठेवली आणि म्हणाली, "होता." बस, एवढंच. माझा भाता थांबला. पेटीच्या बाजूला वही घेऊन बसलेले उकंडराव रडत होते आणि मान हलवत होते, हेच, हेच, असं.

उजाडलं. चंद्रावळ देवळात गेली. बाया आल्या होत्या, पण ताटं हातात धरून भिंतीला चिकटून उभ्या. सगळ्यांची नजर अंबूबाईंकडे. ओटी सवाशिणीची भरतात; विधवेची भरत नाहीत. सोजराबाईला हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. ती पाटावर बसलीच नाही. "माही ओटी नका भरू, मी जातो," म्हणून दाराकडे वळली.

उकंडराव पुढे झाले. "काकू, एक इचारतो. अठरा वर्सं तुमी माही ओटी भरली. मले कोनते लेकरं होनार होते?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि थांबलं. अंबूबाई हसल्या नाहीत.

"माह्यात बाईचं काई नोहतं, तरी भरली," उकंडराव म्हणाले. "कारन ओटी माही नोहती, चंद्रावळीची होती. काल चंद्रावळ कोनात होती, थे तुमीही पाह्यलं."

म्हातारी सोजराबाईकडे बघत होती. मग ताट घेऊन चार पावलं चालली आणि म्हणाली, "बस वो पोरी. माहे पाय दुखून राह्यले, किती येळ उभी ठेवते?"

सोजराबाई बसली, पदर पसरला. खण, नारळ आणि मग ओंजळभर गहू. एकेक करून बाकीच्या पुढं सरकल्या. अन्नपूर्णाबाई रांगेत तिसरी होती. देवळात गव्हाच्या सांडण्याचा तेवढा आवाज.

मी उकंडरावांकडे पाहिलं. ते खांबाला टेकून उभे होते. अंगात सदरा, डोक्यावर टोपी, आणि दोन्ही हातांत उपरण्याचं टोक पसरून धरलेलं, पदरासारखं. अठरा वर्षांच्या सवयीनं हात आपसूक पुढे झाले होते. त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी रिकाम्या उपरण्याकडे पाहिलं, मग त्यानंच तोंड पुसलं आणि ते खांद्यावर टाकलं.

"चला भाऊराव," ते म्हणाले, "पेटी उचला. चिखलीले जाची तयारी करा लागते. अन् त्या 'होता' पाशी पेटी वाजवाची नाई."