सात स्वार, एक फटफटी

रविवार, ३० मार्च १९८६. रक्कम तीनशे दहा रुपये. हजर तिघे: आमच्या गावच्या बँडचे मास्तर, दूध सोसायटीचा फॅट तपासनीस, आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी. सकाळचं दूध परंड्याच्या गाडीत चढलं होतं आणि आम्ही पालथ्या कॅनवर बसलो होतो.

तीनशे दहा रुपये मास्तरांच्या क्लॅरिनेटचे होते. दिवाळीत त्यांनी ती परंड्याच्या एका भांडीवाल्याकडे अडीचशेला गहाण ठेवली होती. एप्रिलअखेर व्याजासकट पैसे आले नाहीत तर ती विकायची, असं ठरलेलं होतं. पाऊस दोन वर्षं हुकला होता, लग्नं पुढं ढकलली जात होती, आणि बँडचे चौघेही रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत होते. आता अक्षय्यतृतीयेनंतर लग्नं निघणार होती. पण ढोल, ताशा आणि खुळखुळा एवढ्यावर सुपारी कोण देणार? क्लॅरिनेट गेली असती तर बँड गेला असता.

मास्तर तेव्हा पन्नाशीचे असावेत. रोजगार हमीचा हजेरीपट तपासायचं जादा कामही माझ्याकडं होतं, म्हणून मी खडीच्या कामावर जात असे. दुपारच्या सुट्टीत सगळे भाकरी खाऊन आडवे व्हायचे, तेव्हा मास्तर फावड्याच्या दांड्यावर बोटं फिरवत बसलेले दिसायचे. बोटांना चिंध्या बांधलेल्या. एक गाणं पुरं झालं की दुसरं. आवाज अर्थात काही नाही.

नाटकाची कल्पना तपासनिसाची. तो पुण्याला बहिणीकडं गेला असताना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर त्यानं एका परदेशी विनोदी मालिकेचा एक भाग पाहिला होता. चार गाणारी पोरं असतात आणि त्यांना मोटारसायकलवाल्यांची टोळी भेटते. बोलणं त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. त्यामुळं पुढचं सगळं त्यानं आपल्या मनानं रचलं. टोळी आपल्या बँडची क्लॅरिनेट पळवते. बँडवाले रस्ता अडवतात. टोळीचा म्होरक्या म्हणतो, क्लॅरिनेटशिवाय आम्हाला नाचवून दाखवा, मग परत देतो. मोठ्यांना तिकीट एक रुपया, पोरांना चार आणे.

त्यानं म्होरक्याच्या तोंडी एक वाक्य घातलं होतं, "परत देऊ, पण व्याजासकट!" मास्तरांनी तेवढं काढायला लावलं.

"त्या माणसानं अडचणीत पैसे दिलेत मला," ते म्हणाले. "त्याच्यावर हसू नका."

तपासनिसानं वाक्य खोडलं. नाटकातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं, हे त्यानं मला नंतर दोनदा सांगितलं.

अडचण वेगळीच होती. टोळीत स्वार सात, आणि गावात मोटारसायकल एकच, तीही माझी, सोसायटीच्या कर्जावर घेतलेली. तपासनिसानं तोड काढली. शाळेच्या पुढच्या मैदानातून एक स्वार आरडाओरडा करत जायचा, शाळेला वळसा घालून मागं उतरायचं, तिथं दुसऱ्यानं बसायचं. काळा चष्माही एकच होता. तोही गाडीबरोबर फिरायचा.

गाडी द्यायला मी तयार झालो, पण माझ्या पद्धतीनं. शाळेभोवतीचा वळसा पावलांनी मोजला: ऐंशी. सात फेऱ्यांची पाचशे साठ पावलं. गाडी लिटरला पन्नास किलोमीटर जायची. म्हणजे पाव लिटर पुरून उरत होतं. नाटकाच्या दिवशी दुपारी मी टाकीत तेवढंच ठेवलं आणि बाकीचं डब्यात काढून घरी नेलं. पेट्रोमॅक्सच्या बत्त्यांजवळ भरलेली टाकी नको, हे एक कारण. कुणी गावाबाहेर चक्कर मारून येईल, हे दुसरं आणि खरं कारण.

बायको दारातून बघत होती. ती म्हणाली, "गाडी पोरं चालवणार हायत, तुमचं गणित न्हाय."

 डबा आणि नरसाळं मात्र मी संध्याकाळी बरोबर घेतलं.

शनिवार, १९ एप्रिल. सातला नाटक सुरू झालं. शेजारच्या दोन गावांतूनही माणसं आली होती. पहिला स्वार धूळ उडवत गेला तेव्हा लोक दचकले. दुसऱ्याला टाळ्या पडल्या. तिसऱ्याच्या वेळी लोकांनी गाडी ओळखली, आणि चौथ्यापासून सगळं मैदान मोठ्यानं मोजू लागलं. पाचवा स्वार मागच्या भिंतीआड गेला आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं.

मला लगेच उमगलं. पेट्रोल काढल्यावर दुपारीच पोरांनी गाडीवर दोनदा तालीम केली होती, ती मी धरलीच नव्हती. शिवाय स्वार बदलताना गाडी चालूच राहायची, तेही धरलं नव्हतं. फेऱ्या मोजल्या, पण पेट्रोल उभ्या गाडीतही जळतं, हे विसरलो.

मैदानातलं मोजणं पाचवर थांबलं. नाटक फसलं आणि लोकांनी पैसे परत मागितले तर मास्तरांची क्लॅरिनेट गेली, आणि ती माझ्या पाव लिटरनं गेली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एका हातात डबा, दुसऱ्यात नरसाळं घेऊन मी मैदानाच्या कडेनं पळत निघालो.

मास्तरांनी मला पाहिलं. ते तीन पावलं पुढं आले आणि हळूच म्हणाले, "सेक्रेटरी, पेट्रोल राहू द्या. हे द्या." नरसाळं त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं.

मग भिंतीकडं तोंड करून त्यांनी हाक दिली, "या पाव्हणं, या! लई जोरात निघाला होता. तेल संपलं का दम?"

म्होरक्याचं काम तपासनीसच करत होता. तो गाडी ढकलत भिंतीआडून बाहेर आला. मागं उरलेले सहा स्वार होतेच. त्यांनीही हात लावला. सातही जण एका गाडीला लागलेले लोकांनी पहिल्यांदाच पाहिले.

"दोन्ही संपलं, मास्तर," तपासनीस म्हणाला. "कायतरी वाजवा, म्हंजी ढकलायला बळ येईल."

यातलं एक वाक्यही लिहिलेलं नव्हतं.

मास्तरांनी नरसाळ्याची बारीक नळी ओठांना लावली आणि वरातीची चाल धरली. ती तोंडानंच गायलेली होती, पण पत्र्यातून असा काही आवाज निघाला की पुढची पोरं उठून उभी राहिली. मी त्यांच्या बोटांकडं बघत होतो. नळीला भोकं नव्हती, तरी प्रत्येक सुराला बोट जागेवर पडत होतं, अगदी फावड्याच्या दांड्यावर पडायचं तसं. ढोल आणि ताशा मागून मिळाले. पुढं बँड, मागं माझी फटफटी आणि तिला ढकलणारी टोळी, अशी वरात मैदानाला तीन फेऱ्या घालून आली. दुसऱ्या फेरीला ढकलणारे नाचू लागले आणि गाडी कलंडता कलंडता वाचली. मी तिला धरायला धावलो, तर लोकांना वाटलं मीही नाटकात आहे.

लिहिलेल्या शेवटापेक्षा हा शेवट चांगला होता, हे तपासनिसानं स्वतःच कबूल केलं. मी पुढं बरीच नाटकं पाहिली, पैसे देऊन पाहिली. ज्याची वस्तू जायची वेळ आली होती, तो माणूस दुसऱ्याच्या चुकीवर न चिडता ती चूकच वाजवून दाखवतो, हे मात्र पुन्हा पाहायला मिळालं नाही. माझ्या चुकीबद्दल मास्तर तेव्हाही बोलले नाहीत आणि नंतरही नाही.

तिकिटं मोजली: मोठी दोनशे एक्कावन्न, लहान एकशे सोळा. एकूण दोनशे ऐंशी रुपये. दोन पेट्रोमॅक्सचं भाडं सोळा गेलं. उरले दोनशे चौसष्ट, म्हणजे शेहेचाळीस कमी. आम्ही तिघे सोसायटीत कॅनवर बसून पुन्हा मोजत होतो, तेवढ्यात शेजारच्या गावचा एक शेतकरी दारात आला. त्याच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं.

"सुपारी घ्या," तो मास्तरांना म्हणाला आणि एक्कावन्न रुपये पुढं केले. "अन् ते ढकलणारे पण आणा."

तीनशे पंधरा झाले.

सोमवारी मास्तरांना मागं बसवून मी परंड्याला गेलो, या वेळी टाकी भरून. भांडीवाल्यानं क्लॅरिनेट जुन्या धोतरात गुंडाळून नीट ठेवली होती. त्याला तीनशे दहा रुपये रोख दिले आणि गहाणाची चिठ्ठी परत घेतली. मास्तरांनी दुकानात ती वाजवली नाही. फक्त सगळी बटणं एकेक दाबून पाहिली.

उरलेले पाच रुपये त्यांनी पेट्रोलबद्दल माझ्या हातावर ठेवले. नाटकाचं आणि या खेपेचं मिळून हिशेबानं सहा होत होते. पाच घेतले.