नानांची थाप गोठ्यात सापडते

बस डेपोत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्त होताना एक घड्याळ मिळतं, दोन भाषणं ऐकावी लागतात आणि साहेबांशी हात मिळवतानाचा एक फोटो निघतो. नानांच्या वाट्याला याशिवाय एक टोपणनावही आलं होतं. टर्बो. साध्या इंजिन फिटरला असं झोकदार नाव कौतुकाने पडलं असेल असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं. अख्खा डेपो नानांना थापाड्या समजत होता आणि टर्बो ही त्यांची सगळ्यात मोठी थाप होती.

ती थाप अशी. नाना बावीस वर्षांचे असताना एक लांब पल्ल्याची मोटारशर्यत गावावरून गेली. त्यातली एक गाडी डेपोच्या फाटकासमोर धूर काढत बंद पडली. चौकोनी अंगाची, दोन दारांची, आणि बॉनेटला उजव्या बाजूला हवेसाठी एकच नाकपुडी. तिला टर्बो होता. टर्बो म्हणजे काय, तर एक पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर तो फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो, मग तेवढंच इंजिन दुप्पट अंगाचं असल्यासारखं ओढतं. ही असली गाडी कंपनीने फक्त शर्यतीत उतरता यावं म्हणून जेमतेम दोनशेच्या घरात बनवली होती. तिच्या टर्बोला तेल नेणारी नळी फुटली होती. नानांनी आणि त्यांच्या उस्तादांनी बसची डिझेलची नळी कापली, वाकवली, टोकांना बसचेच नट डाग देऊन जोडले आणि गाडीला बसवली. मग उस्तादांनी चावी नानांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘‘जा, एक चक्कर मारून बघ.’’ आणि नानांनी ती ताशी एकशे ऐंशीने पळवली.

दिवस सुट्टीचा होता, डेपोत हे दोघेच होते. उस्ताद दोन वर्षांत वारले. फोटो कुणी काढला नव्हता. म्हणजे जगातली एवढी मोठी घटना आणि साक्षीला एकटे नाना! त्यांनी ती सांगितली मात्र मनापासून. कँटीनमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असताना. लोक ‘बसच्या नळी’पाशी आले की हटकून हसायचे. शर्यतीची गाडी आणि तिला बसची नळी!

विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे लेक. ही गोष्ट ऐकतच ती मोठी झाली आणि त्याच नादाने मोटारीचं शिक्षण घ्यायला गेली. तिथे तिने वर्गात गोष्ट सांगितली. सरांनी जाडजूड पुस्तक उघडून दाखवलं की ही गाडी आपल्या भागात कधी आलेलीच नाही. सगळा वर्ग खो खो हसला. त्या दिवशी घरी येऊन ती एवढंच म्हणाली, ‘‘नाना, माझ्या मैत्रिणींसमोर ती गोष्ट नका ना सांगू.’’ नाना ‘बरं’ म्हणाले. त्यानंतर चौदा वर्षं त्यांनी ती घरात काढली नाही. डेपो हसला तर नानांना काडीचा फरक पडत नव्हता. पण लेकीने आपल्याला खोटारडं समजावं हे मात्र त्यांना आतल्या आत खात होतं, आणि ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

लेक आता मोठ्या सर्व्हिस सेंटरची सुपरवायझर होती. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टॅब. एका मंगळवारी संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, ‘‘आज एका गाडीला भंगाराचं सर्टिफिकेट देऊन आले. त्या लांबच्या डेअरीच्या मालकीणबाई आहेत ना, ज्यांचे पिकअप आमच्याकडे येतात, त्यांच्या जुन्या गोठ्यात एक गाडी निघाली. इंजिन जाम. शुक्रवारी गोठा पाडतायत, गॅस कटरवाला येऊन तिथेच तुकडे करणार.’’

‘‘कुठली गाडी?’’ नानांच्या बायकोने वाढता वाढता सहज विचारलं.

‘‘कुणास ठाऊक. शेणामातीत माखलीय, बिल्ले गेलेत. चौकोनी आहे. बॉनेटला नाकपुडीसारखं एक भोक.’’

नानांचा घास हातातच राहिला. ‘‘एकच?’’

‘‘हो, एकच.’’

‘‘उजव्या बाजूला?’’

लेकीने वर पाहिलं. वडिलांचा चेहरा पाहून तिला सगळं आठवलं. आता ही गोष्ट पुन्हा सुरू होणार, आणि नाना या वयात पुन्हा तोंडघशी पडणार. ‘‘नाना,’’ ती जपून म्हणाली, ‘‘जुन्या गाड्यांना अशी भोकं असतात.’’

‘‘मला उद्या तिथे सोड. एवढंच कर.’’

बुधवारी सकाळी नाना पत्र्याची हत्यारपेटी मांडीवर घेऊन लेकीशेजारी बसले आणि तीस किलोमीटर एक अवाक्षर बोलले नाहीत. एरवी चालत्या गाडीचा आवाज ऐकून तिच्या आजारांची यादी सांगणारा माणूस! लेकीला त्याचंच जास्त टेन्शन आलं.

गोठ्यात गुरं नव्हती. पेंढ्याचे गठ्ठे, पोचे आलेल्या दुधाच्या किटल्या, पेंडीची रिकामी पोती, आणि या सगळ्यात अर्धी गाडलेली ती गाडी. टपावर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती आणि तिने यांच्याकडे असं पाहिलं की जणू गाडी तिच्याच नावावर आहे. नानांनी बॉनेटवरची माती तळहाताने पुसली. मग ते एक किटली उपडी करून तिच्यावर बसले आणि नुसते बघत राहिले.

‘‘हीच,’’ ते म्हणाले.

‘‘शर्यत संपल्यावर हिचा ड्रायव्हर हिला इथेच विकून गेला होता,’’ मालकीणबाई म्हणाल्या. सत्तरीच्या, ठणठणीत आवाजाच्या बाई. ‘‘आमच्या ह्यांनी आयुष्यभर दुधाचा ट्रक चालवला. त्यांना वाटलं, एकदा तरी वेगात जावं. डोळे अधू झाले तेव्हा इथे लावून ठेवली, आणि मग कुणाला हात लावू दिला नाही. आता ते गेले त्यालाही सहा वर्षं झाली.’’

त्यांचा पुतण्या घाईत होता. ‘‘ट्रॅक्टर लावून ओढू का? गिअरमध्ये टाकली की फिरेल इंजिन, नाहीतर तुटेल. तसंही कापायचंच आहे.’’

‘‘हात तर लावून बघ,’’ नाना अशा आवाजात म्हणाले की पुतण्याने हात खिशातच घातले.

‘‘नाना, मी तपासलंय,’’ लेक हळू आवाजात म्हणाली. ‘‘पान्याला चार फुटी पाइप लावून जोर काढला. हलत नाही.’’ तिचं बरोबरच होतं. कुणीही शिकलेला मेकॅनिक हेच म्हणाला असता.

नानांनी पाइप बाजूला ठेवला आणि साधा पाना इंजिनाच्या पुढच्या पुलीला लावला. पुढे रेटला. बोटभर गेला आणि अडला. मागे रेटला. बोटभर आला आणि अडला. त्यांनी तो सोडला, तर पाना आपणहून किंचित परत फिरला. नानांच्या मिशा हलल्या.

‘‘गंजलेलं इंजिन मुडद्यासारखं ताठ असतं,’’ ते म्हणाले. ‘‘हे लवतंय. आत काहीतरी मऊ आहे. बाई, ट्रकवाले होते ना मालक? पेट्रोल ट्रकच्या काळातले?’’

‘‘तेव्हापासूनचेच.’’

‘‘मग मला कळलं.’’

कळलं काय ते मात्र सांगेनात. चारही प्लगांच्या बुडाशी तेल सोडलं आणि ‘उद्या’ म्हणून पेटी बंद केली. गंजलेला प्लग घाईने काढणारा माणूस आणि तुटलेला प्लग यांची भेट ठरलेली असते. दुसऱ्या दिवशी लेकीने रजा टाकली. का टाकली, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

गुरुवारी पहिला प्लग कुरकुरत निघाला. नानांनी भोकात वाकडी तार घातली, फिरवली आणि हलकेच ओढली. तारेला अडकून दोरीचं एक टोक बाहेर आलं. नाना ओढत राहिले आणि दोरी येत राहिली, हातभर, दोन हात, तेलाने निथळणारी. जादूगार टोपीतून रुमाल काढतो तसं चाललं होतं. तिचं शेवटचं वेटोळं सुटलं ते फटकन लेकीच्या पांढऱ्या शर्टावर बसलं.

‘‘जुनी रीत आहे,’’ नाना म्हणाले. ‘‘गाडी वर्षानुवर्षं उभी राहणार असेल तर सिलिंडरमध्ये तेलात भिजवलेली सुती दोरी भरायची. आतून गंज चढत नाही आणि चोराला चालूही करता येत नाही. स्टिअरिंगला चिठ्ठी बांधतात, ‘आत दोरी आहे’ म्हणून. ती उंदरांनी खाल्ली असणार. कालच्या त्या ट्रॅक्टरने ओढली असती तर इंजिनाचा कारभार आटोपला असता.’’

पुतण्या एकदम दोन पावलं मागे सरला. मालकीणबाई मात्र पुढे झाल्या आणि दोरी हातात घेऊन निरखू लागल्या.

‘‘अगं बाई! ही माझी कपडे वाळत घालायची दोरी! नवी कोरी होती. मी शेजारणीवर आळ घेतला हो! अकरा वर्षं बोलले नाही तिच्याशी!’’

चारही दोऱ्या निघाल्यावर नानांनी पाना लावला आणि एका हाताने इंजिन गरगर फिरवलं. शर्टाच्या बाह्या वर सारून लेकीने हत्यारपेटीतून चौदाचा पाना उचलला आणि कामाला लागली.

इतकी वर्षं झोपलेला टर्बो कोरडा फिरवला तर मिनिटात जळतो. म्हणून आधी त्याची तेलाची नळी सोडून तेल तिथवर पोचतंय का ते बघायचं होतं. हे काम लेकीकडे आलं. ती गाडीखाली सरकली आणि पाना नटावरून दोन-तीनदा घसरल्याचा आवाज आला.

‘‘काय झालं?’’ नानांनी विचारलं.

‘‘चौदाचा पाना लागत नाहीये.’’

‘‘मग?’’

‘‘नट बसचा आहे,’’ गाडीखालून आवाज आला. ‘‘नळी डिझेलची आहे. टोकाला डाग दिलाय. नाना, ही या गाडीची नळी नाही.’’

नानांना ‘मी सांगत नव्हतो?’ म्हणायची चौदा वर्षांनी संधी आली होती. पण त्यांनी फक्त बसचा पाना गाडीखाली सरकवला. थोड्या वेळाने लेक बाहेर आली. डोळे लाल झाले होते आणि तिने ते तेलकट मनगटाने पुसले, त्यामुळे आणखीच लाल झाले.

‘‘मी तुम्हाला ती गोष्ट सांगू नका म्हणाले होते,’’ ती म्हणाली.

‘‘आधी तेल बघ,’’ नाना म्हणाले.

शुक्रवारी सकाळी नऊला गॅस कटरवाला टाक्या घेऊन हजर झाला. तोवर कार्बोरेटर धुऊन बसला होता, ताज्या पेट्रोलचा डबा नळीला टांगला होता आणि डेअरीच्या पिकअपची बॅटरी वायरींनी जोडली होती. कोंबडीला अंड्यांसकट टोपलीत हलवलं होतं. कटरवाला कपाळावर गॉगल चढवून दारातच उभा राहिला.

पहिल्या फेरीत इंजिनाने नुसती ढेकर दिली. दुसऱ्या फेरीत शिंकलं. तिसऱ्या वेळी नानांनी हवा जरा अडवायला कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात धरला, बोटं जरा फाकली आणि मान हलवली. लेकीने चावी फिरवली. निळ्या धुराचा एक लोट गोठाभर झाला, आणि त्या धुरातून ते चारी सिलिंडरवर धडधडायला लागलं. मालकीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. पुतण्या ‘अरे! अरे!’ करत राहिला. नाना मात्र डोळे मिटून टर्बोकडे कान लावून उभे होते. हळूहळू त्यातून शिट्टीसारखा बारीक सूर चढला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. ते बावीस वर्षांच्या पोरासारखे हसत होते.

‘‘हिला कापायचंय?’’ कटरवाल्याने विचारलं. ‘‘मी नाही कापणार. दुसरा कुणी बघा.’’

‘‘कुणी कापत नाही,’’ मालकीणबाई ठणकावून म्हणाल्या. ‘‘गोठा पडला तर पडू दे, गाडीला शेड बांधू.’’

ब्रेक, टायर आणि बाकीचं करता करता तीन आठवडे गेले. लेकीने साठलेली सगळी रजा त्यात घातली. शेवटी एका दुपारी गाडी डेअरीच्या मागच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर आली. नानांनी लेकीला चालवायला बसवलं.

‘‘दाबलं तरी जात नाहीये,’’ ती म्हणाली.

‘‘थांब. कचेरीत अर्ज दिल्यासारखं आहे हिचं. आधी काहीच होत नाही.’’

आणि मग अर्ज मंजूर झाला. पाठीत कुणीतरी गुद्दा घातल्यासारखी गाडी सुटली, दोन्ही बाजूची झाडं मागे पळाली आणि लेक किंचाळली. ती किंचाळी आनंदाची होती, त्यामुळे नानांनी ब्रेक मारायला सांगितलं नाही.

परत अंगणात येऊन उभे राहतात तोच तिचा फोन वाजला. सर्व्हिस सेंटरचे साहेब होते; गावातल्या सगळ्यांसारखी त्यांनीही ती थाप ऐकली होती. लेक गाडीला टेकून बोलू लागली.

‘‘हो सर, सोमवारी येते. नाही, मी नाही चालू केली. माझ्या वडिलांनी केली, मी त्यांच्या हाताखाली होते. हो हो, तेच, टर्बोवाले. सर, त्या गोष्टीतला शब्द न् शब्द खरा आहे. नळी मी माझ्या हाताने सोडलीय. आता कुणी हसलं तर माझ्याकडे पाठवा.’’

नानांनी हे ऐकलं आणि त्यांची छाती इतकी फुगली की शर्टाची बटणं तुटायचीच बाकी राहिली. मग ते जरा चुळबुळले आणि त्यांनी तिची बाही ओढली.

‘‘शब्द न् शब्द नको म्हणूस.’’

लेकीने फोनवर हात ठेवला. ‘‘का?’’

‘‘मी एकशे ऐंशीने पळवली असं सांगायचो ना. एकशे दहालाच माझी पाचावर धारण बसली होती. परत येताना तर सायकलवाला पुढे गेला.’’

चाळीस वर्षांत एवढासा खुलासा करणं नानांना परवडलं नव्हतं. आधीच कुणी विश्वास ठेवत नव्हतं, त्यात एक आकडा मागे घेतला असता तर सगळीच गोष्ट गेली असती. लेक त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. तिने फोन पुन्हा कानाला लावला.

‘‘एक आकडा सोडून, सर,’’ ती म्हणाली.