'तिकडे' म्हणायचं नाही

माझ्या धाकट्या भावाला आम्ही घरात नकाशा म्हणतो. समुद्रापलीकडच्या एका प्रदेशाचा अभ्यास करण्यात त्यानं हयात घालवली. तिथली धरणं, तिथल्या निवडणुका, तिथली भांडणं. विद्यापीठात शिकवतो तेही हेच. स्वतः तिथे दोनदा गेला, तोही परिषदेला. हॉटेल ते सभागृह आणि सभागृह ते हॉटेल. मी हे बोलून दाखवलं की म्हणतो, "ताई, तुला त्यातलं काय कळतंय?" बरं बाबा, नाही कळत.

त्याच्या वर्गात एक शब्द बंद आहे. 'तिकडे'. "तिकडे काय, मारामाऱ्याच चालतात," असं कुणी म्हटलं रे म्हटलं, की तो त्याला उभं करतो. तिकडे म्हणजे कुठे? शहर कुठलं? मारणारा कोण, मार खाणारा कोण? सांग आणि मग बस. "तिकडे म्हटलं की माणसं दिसेनाशी होतात," हे त्याचं पालुपद. जेवताना आम्हालाही ऐकवतो.

आणि एका रविवारी त्याची लेक, नर्स आहे ती, भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबा, मला तुमच्या त्या प्रदेशात नोकरी मिळालीय. लहान मुलांच्या वॉर्डात, दोन वर्षं."

"तिकडे?" नकाशा ओरडलाच. "तिकडे कोण जातं? डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

मला हसू फुटलं. काय करू, स्वभाव! पोरगी मात्र हसली नाही. "बाबा, उभे राहा," ती म्हणाली. "शहर कुठलं? मारणारा कोण?"

तो उभा राहिला खरा, पण खोलीत जाऊन दार लावून घ्यायला.

मग घरात अबोला. पोरगी हट्टी, बापावरच गेलीय. "बाबा 'जा' म्हणाले तरच जाईन." होकार कळवायची मुदत संपत आली, तेव्हा मीच त्याच्या खोलीत घुसले. "इतकी वर्षं लोकांच्या पोरांना सांगत आलास, तिथे आपल्यासारखीच माणसं राहतात म्हणून. खोटं होतं का ते?"

"खरंच होतं गं," तो म्हणाला. "पण तेव्हा माझी पोरगी तिथे राहत नव्हती ना."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यानं त्या शहराचं नाव घेतलं आणि लेकीला म्हणाला, "जा."

ती गेली. सुरुवातीला फोनवर "आपल्या घरी काय चाललंय?" असं विचारायची. परवा वॉर्डातूनच फोन केला, मागे पोरांचा नुसता गलका. घाईत होती. "आमच्याकडे थंडी पडलीय," म्हणाली. "तिकडे सगळे बरे आहेत ना?"

फोन स्पीकरवर होता. भावजय चटकन नवऱ्याकडे बघायला लागली. आता हा पोरीला झापणार, असं मलाही वाटलं. पण तो स्वतःच खुर्चीतून उठून उभा राहिला.

"तुझी आई बरी आहे," तो म्हणाला. "गुडघा जरा दुखतोय. आत्या बरी आहे, जीभ आहे तशीच आहे. आणि मी बरा आहे."

एवढं सांगितलं आणि मग बसला.